भंगारातला फ्रिज आणि वॉशिंग मशीनचा ड्रम वापरून घरगुती स्मोकर (सांगली-मिरज)

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर सांगलीतल्या भंगार दुकानांत फ्रिज आणि वॉशिंग मशीनचे ढीग लागले होते, बऱ्याच जणांना आठवत असतील. त्यातलं बरंचसं सामान आजही मागच्या गोदामात पडून आहे. तिथनंच मी सिंगल डोअर फ्रिजचा एक सांगाडा आणि टॉप लोड मशीनचा स्टीलचा ड्रम किलोवर उचलला, आणि परसात स्मोकर उभा केला. त्याची सगळी माहिती इथं मांडतोय, कारण मराठीत हा विषय कुणी नीट लिहिलेला मला सापडला नाही आणि परदेशी व्हिडिओ बघून काही जण थेट फ्रिजमध्ये जाळ करायला निघालेत. ते धोक्याचं आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्मोकरमध्ये मटण जाळावर नसतं. जाळ एका बाजूला, मटण दुसऱ्या बाजूला, आणि मधून गरम धूर फिरतो. तापमान साधारण १०७ ते १२१ अंश सेल्सिअस. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत ही पद्धत रुजली. तिकडची २२५ ते २५० फॅरनहाइट म्हणतात ती हीच पट्टी. फरा, मान, सीना असले चिवट भाग या मंद आचेवर चार-सहा तास राहिले की त्यातला चिकट पांढरा पडदा, म्हणजे कोलाजेन, विरघळून जिलेटिन होतो आणि मटण हाडापासून आपोआप सुटतं. आपल्याकडं मटणावर निखारा ठेवून तुपाची धुरी देतात, ती चव दोन-चार मिनिटांची. इथं धूर सुरुवातीपासूनच स्वयंपाकाचा भाग होतो.

आता फ्रिजच का? उंच पेटी, दार, आत कप्प्यांच्या खाचा, सगळं आयतं. पण आतला पांढरा पत्रा दिसतो तो पत्रा नाही, प्लास्टिक आहे. शंभर अंशांच्या आसपास ते मऊ पडायला लागतं. त्याच्यामागं पॉलियुरेथेनचा फोम असतो आणि तो पेटला तर त्याच्या धुरात हायड्रोजन सायनाइड असतो. व्हिडिओत दिसतात ते फार जुन्या काळचे, आतून लोखंडी पत्र्यावर चिनीमातीसारखा मुलामा असलेले फ्रिज. तसे आपल्याकडं आता जवळपास मिळत नाहीत. म्हणून मी प्लास्टिक आणि फोम झाडून सगळा काढला, फक्त बाहेरचा पत्र्याचा कोट ठेवला, आतून २० गेजचा स्टेनलेसचा पत्रा रिव्हेटनं बसवला आणि दोन्ही पत्र्यांच्या मध्ये रॉकवूल, म्हणजे दगडाच्या तंतूंची न जळणारी लोकर, भरलं. जाळ फ्रिजमध्ये नाहीच. तो बाहेर, विटांच्या पेटीत.

प्रश्न विचारा, जमेल तसं सांगतो.

कुपवाड_फॅब्रिकेशन

दादा, धागा काढलात ते फार बरं केलंत. माझं पत्र्याचं काम आहे, म्हणून एक गोष्ट आधीच ठासून सांगतो. फोम आणि प्लास्टिक काढताना ग्राइंडर लावू नका. ठिणगी पडली की फोम धुमसतो आणि आतल्या आत जळत राहतो. पटाशी आणि हातकरवत घ्या, वेळ लागू दे. तोंडाला चांगला मास्क हवा.

दुसरं, गॅस. कॉम्प्रेसरवरच्या चिठ्ठीवर कुठला गॅस ते लिहिलेलं असतं. आर-१३४ए असेल तर जळणारा नाही, पण हवेत सोडायचा नाही. आर-६००ए लिहिलं असेल तर तो आयसोब्युटेन, म्हणजे आपल्या घरगुती सिलिंडरच्या जातीचाच, पेट घेणारा. नळी स्वतः कापू नका. फ्रिज मेकॅनिककडून गॅस काढून घ्या, कॉम्प्रेसर त्यालाच द्या, तोही खूश.

आणि आतल्या जाळ्या! जुन्या फ्रिजच्या तारेच्या जाळ्यांवर कॅडमियम किंवा जस्ताचा मुलामा असू शकतो, वरून प्लास्टिक. त्यावर मटण ठेवायचं नाही. सहा एमएमच्या स्टेनलेस सळ्या घ्या, आमच्यासारख्या कुणाकडूनही तासाभरात जाळी वेल्ड करून मिळते.

वाळवणवाली

वाचतेय. एक शंका. आमच्या शेडमध्ये जुनं धान्याचं जीआय पत्र्याचं पिंप आहे, चांगलं जाड. फ्रिजऐवजी ते चालणार नाही का? एवढी सोलून काढायची खटपट वाचेल.

कुपवाड_फॅब्रिकेशन

ताई, जीआय म्हणजे वरून जस्त. जस्त ४१९ अंशांना वितळतं. धुराच्या पेटीत एवढा ताप येत नाही, पण जाळाच्या बाजूला नक्की येतो. जस्ताचा धूर काय असतो ते वेल्डिंगवाल्यांना विचारा. काम दिवसा होतं आणि हुडहुडी रात्री भरते, अंग मोडतं, ताप येतो. एक-दोन दिवसांत उतरतो, पण पोरं असलेल्या घरात हे नकोच. शिवाय दही, लिंबू, चिंच लावलेलं मटण जस्ताला टेकलं तर आंबट त्याला खातं. पिंप धान्यालाच राहू दे.

बॅरल घ्यायचंच असेल तर २०० लिटरचं, खाद्यतेलाचं किंवा मधाचं, आतून रंग नसलेलं. औषधाचं किंवा केमिकलचं बॅरल कितीही धुतलं तरी नको.

गलाई_विटा

आमचा पिढीजात धंदा सोन्या-चांदीच्या गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचा. खानापूर, आटपाडीकडची माणसं देशभर याच कामात आहेत, म्हणून भट्टीबद्दल चार शब्द बोलायचा हक्क सांगतो.

धाग्यात पत्र्यावर बरीच चर्चा झाली, पण चव ठरते ती हवेवर. लाकडाला हवा कमी पडली की पांढरा, दाट, डोळ्यांत जाणारा धूर येतो. त्यात डांबरासारखा चिकट अंश असतो, तो मटणावर बसतो आणि जिभेला कडवट लागतं, जरा बधिरल्यासारखंही होतं. लाकूड मोकळ्या हवेत नीट पेटलेलं असलं की धूर पातळ निळसर, जवळजवळ दिसेनासा होतो. तोच हवा. तो वासाला गोड असतो. म्हणून जाळ लहान ठेवा पण जिवंत ठेवा. मोठा ओंडका टाकून हवा कोंडायची ही चुलीवर पाणी तापवायची रीत झाली, इथं ती चालत नाही.

लाकूड वर्षभर तरी वाळलेलं असावं. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की टणटण वाजले पाहिजेत. पुढचा तुकडा टाकायच्या आधी पेटीच्या झाकणावर तापत ठेवा, म्हणजे टाकल्या टाकल्या पेट घेतो, धुमसत नाही.

कृष्णाकाठ दादा, तुमच्या पेटीची हवा कुठनं आणि किती, ते सांगा.

कृष्णाकाठ

अगदी मर्मावर बोट ठेवलंत. हवेसाठीच मशीनचा ड्रम घेतला.

ड्रमला सगळ्या अंगानं बारीक भोकं असतात. तो जाळाची टोपली म्हणून वापरला की निखाऱ्याला खालून, बाजूनं, सगळीकडून हवा मिळते आणि राख आपोआप खाली पडते. पण नुसत्या ड्रममधून धूर चहूकडं जातो, म्हणून तो विटांच्या पेटीत उभा केलाय. साध्या लाल विटा, मातीच्या गाऱ्यात. सिमेंट वापरलं तर तापून तडकतं. पेटीच्या तळाशी समोर एक सरकती पट्टी आहे, तीच हवेची चावी. वर जाड लोखंडी प्लेटचं झाकण. पेटीच्या वरच्या अंगाला पाच इंची काळा लोखंडी पाइप, तो थोडा चढ घेत फ्रिजच्या तळाशी जातो. चढ महत्त्वाचा, गरम धूर आपल्या पायांनी वर जातो, पंख्याची गरज नाही. फ्रिजच्या माथ्यावर विरुद्ध कोपऱ्यात चार इंची धुराडं, अडीच फूट उंच.

नियम एकच पाळतो. धुराडं कायम पूर्ण उघडं, आणि ताप कमी-जास्त करायचा तो खालच्या पट्टीनं. धुराडं दाबलं की धूर आत कोंडतो, शिळा होतो आणि गलाईवाले दादा म्हणतात तो कडवटपणा तिथूनच येतो.

ड्रम घेताना एक सांगतो. भंगारवाला चुंबक लावून दाखवेल आणि "चिकटतोय, म्हणजे लोखंड आहे" म्हणून कमी भावात देईल किंवा तुम्हीच सोडून याल. पण ४३० ग्रेडच्या स्टेनलेसला चुंबक चिकटतो आणि मशीनच्या ड्रमला तो सर्रास वापरतात. गंज बघा, चुंबक नव्हे. टॉप लोडच्या ड्रमला वर प्लास्टिकची गोल कडी असते, तिच्यात खारं पाणी भरलेलं असतं, ती काढावी लागते. तळाची फिरकी पण प्लास्टिकची. फ्रंट लोडचा घेतला तर मागचा तिकोनी आधार ॲल्युमिनियमचा असतो, जाळात तो ६६० अंशांना वितळतो, तोही सोडवून ठेवा. काही स्वस्त सेमी ऑटोमॅटिकमध्ये आख्खा ड्रमच प्लास्टिकचा येतो, तो उपयोगाचा नाही.

तासगावकर_बागवान

जबरदस्त माहिती. जळणाबद्दल विचारतो. आमच्याकडं द्राक्षाच्या काड्यांना तोटा नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली की बांधावर डोंगर होतो, आणि पेटवून देण्यापलीकडं काही होत नाही. फ्रान्स आणि स्पेनमध्ये द्राक्षाच्या काड्यांवर मटण भाजतात असं वाचलंय. मग तासगावच्या काड्यांनी काय घोडं मारलंय?

कृष्णाकाठ

बागवान दादा, हा प्रश्न मला सगळ्यात जिव्हाळ्याचा, कारण माझ्या मामांची बाग कवठे महांकाळकडं आहे आणि माझ्या मनात पहिलं जळण तेच आलं होतं. तिकडं खरंच भाजतात. फ्रान्सच्या बोर्दोत आणि स्पेनच्या ला रिओहात तर ती खासियत आहे.

पण आपल्या बागेचं वेळापत्रक तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. डाऊनी आणि भुरी या बुरशीच्या रोगांसाठी पावसाळाभर आणि पुढं ऑक्टोबरपासून फवारण्या चालूच. फवारायच्या बोर्डो मिश्रणातलं तांबं सालीवर बसतं आणि जळून जात नाही. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर, डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड या रसायनाचं पेस्टिंग, म्हणजे लेप, करतो आपण, तेही ह्याच काडीवर. एप्रिलमध्ये जी काडी खाली पडते तिच्यावर वर्षभराचं सगळं औषध येऊन गेलेलं असतं. त्या काडीचा धूर तासन्तास मटणावर सोडायचा, हे मला पटत नाही. परसात एखादा वेल असेल, कधी काही मारलं नसेल, तर त्याच्या काड्या खुशाल वापरा.

तासगावकर_बागवान

पटलं. पेस्टिंग करताना हातमोजे घालतो, अंगावर उडू नये म्हणून जपतो, आणि त्याच काडीवर जेवण शिजवायचं म्हणजे बरोबर नाही. घरामागं वेल आहे मंडपावरचा, त्याला आजवर शेण-गोमूत्राशिवाय काही दिलेलं नाही. त्याच्या काड्या जपून ठेवतो. पण मग मुख्य जळण काय वापरायचं?

माणदेशी

मुख्य जळणाचं आमच्याकडनं घ्या! जत, आटपाडी, माण भागात जिकडं बघाल तिकडं वेडी बाभूळ. शेतात घुसते, काटे टायर फोडतात, लोक वैतागलेत. पण टेक्सासमध्ये ज्या मेस्किटच्या लाकडावर भाजतात, ते आणि ही वेडी बाभूळ एकाच प्रोसोपिस कुळातली. लाकूड जड, निखारा लांब टिकतो, कोळसाही हिचाच पाडतात. धूर मात्र तिखट. म्हणून मी तिचा आधी निखारा करून घेतो, ताप तिचा, आणि वासासाठी वरून पेरू किंवा आंब्याचा एखादा तुकडा.

कृष्णाकाठ

माणदेशी दादांना शंभर टक्के अनुमोदन. माझा क्रम असा: ताप बाभळीच्या निखाऱ्याचा, साधी बाभूळही उत्तम. वासाला पेरू पहिला, मग आंबा, चिकू, चिंच. कोंबडीला पेरू इतका शोभतो की दुसरं काही घालू नये. नारळाची करवंटी भडकते फार, निखाऱ्यात एक-दोन तुकडे पुरे.

वापरायचं नाही ते: कण्हेर आणि रुई ही विषारी, बांधावरची आणताना नीट ओळखून आणा. निलगिरीत तेल फार, कडुलिंबाचा धूर कडू. प्लायवूड, रंगवलेलं लाकूड, जुनी दारं-खिडक्या, पॅकिंगच्या पेट्या तर अजिबात नाही. उसाचं चिपाड भुर्रकन जळून जातं, पेटवायला ठीक.

वाळवणवाली

आम्ही माळकरी. घरात मटण शिजत नाही. पण वाचून हात शिवशिवायला लागलेत. आमच्यासारख्यांनी ह्यात काय करायचं?

कृष्णाकाठ

ताई, कृष्णाकाठची वांगी आपल्या दारात पिकतात, तुम्ही तर सगळ्यात भाग्यवान! फक्त वांग्याची रीत वेगळी. धुराच्या पेटीत ११० अंशांत वांग्याची साल करपत नाही, आणि भरताला करपलेली सालच हवी. म्हणून वांगं आधी पंधरा-वीस मिनिटं विटांच्या पेटीत, ड्रममधल्या निखाऱ्यावर जाळीवर भाजा आणि मग चिरून अर्धा-पाऊण तास धुरात ठेवा. ते भरत एकदा खाऊन बघा.

लसणाचे आख्खे गड्डे, कांदा, टोमॅटो, पनीर, मक्याची कणसं, सगळं चालतं. आणि मिरची! मेक्सिकोत पिकून लाल झालेली हालापेन्यो मिरची धुरावर वाळवतात, तिला चिपोत्ले म्हणतात. आपली ओली लाल मिरची ६०-७० अंशांत संथ धुरावर वाळेपर्यंत ठेवली आणि तिचा ठेचा केला, तर भाकरीला दुसरं काही लागत नाही. पनीर मात्र ताप अगदी कमी असताना, थंडीच्या दिवसांत, नाहीतर घाम सुटून रबर होतं.

वाळवणवाली

मिरचीचं नक्की करणार. आमच्या आजीच्या घरी बियाणाची कणसं चुलीवर आढ्याला टांगलेली असायची, धुरानं काळी झालेली, त्यांना कीड म्हणून लागत नसे. त्या मिरचीला तसाच वास येणार हे कळतंय.

डॉक्टरीण_मिरज

धागा छान आहे, पण एक बाजू राहतेय म्हणून लिहिते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसात कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा असलेला गट. त्यात धुरावलेलं मांसही येतं. शिवाय निखाऱ्यावर चरबी ठिबकली की तिच्या धुरात बेन्झोपायरीनसारखी कर्करोगकारक द्रव्यं तयार होतात आणि ती परत मांसावर बसतात. रोजचा पदार्थ करू नये.

आणि एक प्रश्न: लोक समजतात की धुरावलं म्हणजे टिकलं. टांगून ठेवलं तर किती दिवस राहतं?

कृष्णाकाठ

डॉक्टरताई, लिहिलंत म्हणून आभार, हे सगळ्यांनी वाचावं. आमच्याकडं हा सणासुदीचा, पाहुण्यांचा बेत आहे. चरबीचं म्हणाल तर जाळ बाहेर असण्याचा फायदा हाच, की मटणातली चरबी निखाऱ्यावर पडतच नाही. खाली तिच्यासाठी स्टेनलेसचा ट्रे आहे. पाइपच्या तोंडावर एक आडवी प्लेट लावलीय, तिच्यामुळं सरळ ज्वाळा किंवा कढत झोत खालच्या जाळीवरच्या मटणाला लागत नाही. प्लेटवर पाण्याचं पातेलं असतं. पाणी ताप धरून ठेवतं आणि आत ओलावा राहतो.

टिकण्याबद्दल: अजिबात टिकत नाही. गरम धुरावर मटण फक्त शिजतं. ५ ते ६० अंशांच्या मध्ये जंतू झपाट्यानं वाढतात, म्हणून काढल्यावर दोन तासांत खाऊन संपवायचं किंवा चालू फ्रिजमध्ये ठेवायचं. आपल्या भागात मांसाच्या पट्ट्या करून चान्या वाळवतात, त्या टिकतात ते मीठ आणि कडक उन्हात पाणी निघून गेल्यामुळं. धुराचा त्यात वाटा थोडा. थंड धुराचे परदेशी प्रकार, म्हणजे ३० अंशांच्या खाली कित्येक तास कच्चं मांस, आपल्या हवेत घरी करू नयेत. मार्चमध्ये सांगलीत सावलीतच त्याहून जास्त असतं.

साताऱ्यातून

तापमान कशानं मोजता? बाजारात मिळणारे काट्याचे मीटर भरवशाचे वाटत नाहीत.

कृष्णाकाठ

दाराच्या काट्यावर विसंबू नका, तो दाराजवळचा ताप सांगतो. डिजिटल, दोन तारांचा थर्मामीटर घ्या. एक तार जाळीवर मटणाच्या शेजारी, दुसरी मटणाच्या पोटात, हाडाला न टेकता. तपासायची सोपी रीत आहे. बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी, त्यात शून्य दाखवलं पाहिजे. उकळत्या पाण्यात मात्र १०० ची अपेक्षा धरू नका. सांगली समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, इथं पाणी ९८ ला उकळतं. साताऱ्यात त्याहून जरा कमी. महाबळेश्वरला ९५-९६ ला. यंत्र बिघडलं म्हणून उगाच परत करू नका.

कोंबडीच्या जाड भागात ७४ अंश झाले पाहिजेत. बकऱ्याचा फरा ९० ते ९५ ला सुटतो.

माणदेशी

आणि ६५-७० वर काटा थांबतो त्याचं सांगा दादा, नवीन माणूस तिथंच घाबरतो आणि जाळ वाढवून बसतो.

कृष्णाकाठ

बरोबर. मटण ६५ ते ७५ च्या दरम्यान येतं आणि तास-दीड तास तिथंच अडून बसतं. पृष्ठभागावरून पाणी उडत असतं आणि ते उडताना ताप घेऊन जातं, घामानं अंग गार पडावं तसं. जाळ वाढवला तर बाहेरून करपतं, आत चिवटच राहतं. एक तर थांबा, नाहीतर याच वेळी केळीच्या पानात आणि वरून फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून परत ठेवा. बकऱ्याच्या मटणात चरबी कमी, म्हणून मी बहुतेकदा गुंडाळतो.

मेंढीचं मिळालं तर मजा वेगळी. जतकडच्या माडग्याळ मेंढीच्या मटणात चरबी सुरेख मुरलेली असते, तिला पान लागत नाही, नुसती राहू दे.

मसाला: मीठ आदल्या रात्री. सकाळी आलं-लसूण, हळद, धणे, थोडं कांदा-लसूण चटणीचं वाटण. अमेरिकेत शेवटी गोड मळी घातलेला सॉस लावतात. आपल्याकडं काकवी आहे, त्याहून चांगलं काय हवं? काकवी, चिंचेचा कोळ, लाल तिखट, मीठ. पण ही शेवटच्या अर्ध्या तासातच लावायची. साखर लवकर करपते आणि काळी कडू होते. फऱ्यावर काकवीचा चकाकता थर बसला आणि आतलं मांस कडेनं गुलाबी दिसलं, तर कच्चं समजू नका. लाकडाच्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड मांसातल्या लाल रंगद्रव्याशी जुळतो आणि तो रंग तसाच राहतो.

नवशिका_इस्लामपूर

जाळ, राख, विटा एवढं जमणार नाही मला. त्याच फ्रिजच्या पेटीत जुन्या गिझरची कॉइल टाकून वर लाकडाचा भुसा ठेवला तर?

कुपवाड_फॅब्रिकेशन

भाऊ, गिझरची कॉइल पाण्यात बुडलेली असते म्हणून जगते. कोरडी चालवली की लाल होऊन जळते, कधी फुटते. शिवाय सगळी पेटी लोखंडी, आत ओलावा, चरबीचे थेंब. अर्थिंग सुटलं तर दाराला हात लावणाऱ्याला झटका. विजेचंच करायचं असेल तर हवेत चालणारी, ओव्हनची कॉइल, थर्मोस्टॅट, पक्की अर्थिंग आणि आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच), आणि जोडणी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून. भुसा म्हणाल तर सुतारकामाचा आणू नका, त्यात प्लायवूड आणि फेविकॉल मिसळलेलं असतं.

कृष्णाकाठ

कुपवाडच्या दादांनी सांगितलं ते तंतोतंत. त्यात दाराबद्दल भर घालतो. फ्रिजचं मूळ रबर चुंबकाचं असतं, तापानं वितळतं, ते काढून टाका. त्याजागी बॉयलरच्या दाराला लावतात ती ग्लास फायबरची दोरी. हार्डवेअरच्या दुकानात ॲस्बेस्टॉसची दोरीही दाखवतील, स्वस्त असेल, पण तिचे तंतू फुप्फुसात जातात, घेऊ नका. दार मिटायला बाहेरून साधी कडी चालते, पण काम नसताना तिला कुलूप ठेवा. मोकळी पेटी दिसली की पोरं लपायला जातात आणि आत हवा संपते. जुन्या फ्रिजमध्ये असे जीव गेलेत, म्हणून अमेरिकेनं १९५६ मध्ये आतून उघडता येईल असं दार फ्रिजला सक्तीचं केलं. ज्यांनी अजून काम सुरू केलं नाही, नुसता सांगाडा आणून ठेवलाय, त्यांनी आजच दार बिजागरीतून काढून वेगळं ठेवावं.

गलाई_विटा

हे फार मोलाचं सांगितलंत. आमच्या गल्लीत एक सांगाडा असाच पडलाय, उद्या सकाळी जाऊन दार काढून घेतो.

पहिल्या जाळाबद्दलही लिहा. नवीन पत्र्यावर तेल असतं, पाइपवर कारखान्याचा वार्निश.

कृष्णाकाठ

होय. पाइप आधी मोकळ्यावर जाळात धरून वार्निश जाळून टाकायचं. मग आतला सगळा पत्रा साबणानं धुवायचा, जाळ्यांना शेंगतेलाचा हात फिरवायचा आणि काही न ठेवता तीन-चार तास १५० अंशांवर पेटी चालवायची. आतून तपकिरी चमकदार थर येतो, तो घासून काढू नका. चरबीचा थर मात्र दर वेळी काढा. ट्रे भरलेला राहिला तर पुढच्या खेपेला तोच पेट घेतो. आणि जाळ सुरू असताना जवळ वाळूची बादली ठेवा. चरबी पेटली तर पाणी टाकायचं नाही, खालची हवेची पट्टी बंद करायची आणि दार उघडायचं नाही.

साताऱ्यातून

शेवटचा प्रश्न. माझं शेत चाळकेवाडीच्या वाटेवर, पवनचक्क्यांच्या पट्ट्यात. वारं किती असतं ते सांगायला नको. स्मोकर कुठल्या तोंडानं उभा करू? आणि पावसाळ्यात काय?

कृष्णाकाठ

पठारावर पावसाळ्यात वारं पश्चिमेकडून. हवेची पट्टी पश्चिमेला आली तर वारं भात्यासारखं आत शिरेल आणि ताप हातात राहणार नाही. म्हणून पट्टी पूर्वेला किंवा उत्तरेला ठेवा आणि पश्चिमेच्या बाजूला कमरेइतकी दगडी आडभिंत घाला, पेटीपासून हातभर लांब. धुराड्यावर टोपी हवी, चारी बाजूंनी उघडी, म्हणजे वाऱ्याचा झोत उलटा आत येणार नाही. फ्रिजचं दार वाऱ्याच्या तोंडाला उघडेल असं लावू नका. दाराची बिजागरी बहुतेक सिंगल डोअरमध्ये बाजू बदलून लावता येते, भोकं दोन्हीकडं असतात.

पावसाळ्यात मातीच्या गाऱ्यातल्या विटा भिजून सुटतात, तेव्हा वर पत्र्याची एकपाखी शेड घ्या, धुराड्यापासून किमान तीन फूट वर. पाऊस संपल्यावर पहिला जाळ अगदी लहान, तास-दोन तास, विटांमधलं पाणी निघून जाईपर्यंत. एकदम मोठा जाळ केला तर विटा फुटतात. जळण शेडमध्ये जमिनीवर नको, दोन विटांवर फळ्या टाकून वर रचा. जागेचा फोटो टाकलात तर पाइपचा चढ किती घ्यायचा तेही बघू.

साताऱ्यातून

उत्तर दिशेला बांध आहे, पट्टी तिकडंच घेतो. दगड शेतातलाच आहे. रविवारी मापं घेऊन फोटो टाकतो.